दहा तारखेचं घर

आमच्या मंगळवार पेठेत सोयरीक जुळवताना पगार किती, हे दुसऱ्या बैठकीत विचारायचे. पहिल्या बैठकीतला प्रश्न असायचा, पगार कितवीला? "पोरगं मिलात हाय, धा तारखंला पगार," एवढं कानावर पडलं की मुलीकडची माणसं जरा सैलावून बसत. माझ्या आईचं लग्न असंच जमलं. तिचं माहेर राधानगरीच्या वाटेवरचं, दारात दोन म्हशी, ओढ्याकाठी थोडा ऊस. घरातली माणसं शाळा शिकलेली नव्हती, पण पैसा कितीचा यापेक्षा कधीचा याला जास्त किंमत असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मिल म्हणजे शाहू मिल. राजर्षी शाहू महाराजांनी 27 सप्टेंबर 1906 रोजी पायाभरणी केलेली, कोटितीर्थाच्या काठावरची. जुन्या कोल्हापुरावर कुणी लिहायला बसलं की मिलचा भोंगा हमखास वाजतो, आणि वाजावाही; अर्ध्या शहराचं घड्याळ तेच होतं. पण मला सांगायचं आहे ते पगाराच्या दिवसाबद्दल. 1936 सालच्या वेतन कायद्यात एक साधं कलम होतं. कारखान्यात हजाराच्या आत कामगार असतील तर महिना सरल्यावर सात दिवसांत आणि हजार किंवा त्याहून जास्त असतील तर दहा दिवसांत पगार वाटलाच पाहिजे. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं, तसे तिथले कायदेही इथले झाले. माझे वडील त्यानंतर काही वर्षांनी साचेखात्यात लागले. म्हणजे दहा तारीख आमच्या घरात माझ्याआधी नांदायला आली.

पगार काही फार नव्हता. घरात आई-वडील, आजी आणि आम्ही तिघं भावंडं मिळून सहा माणसं, खोली एक, मोरी सामाईक. तरीही त्या घराला कुणी निराधार म्हटलं नसतं, कारण पेठेतला वाणी आम्हाला उधार देत होता. त्याच्याकडे लाल कापडी बांधणीची वही असायची आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं की त्याखाली तो 'मिल', 'नगरपालिका', 'उद्यमनगर' असं काहीतरी टिपायचा. ते त्याचं तारण. मिलवाल्याला दहापर्यंत, पालिकेच्या झाडूवाल्याला त्याच्या पगारापर्यंत, उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या पोराला शनिवारपर्यंत, कारण तिथं आठवड्याचा हिशोब. ज्याच्या नावाखाली काही टिपलेलं नाही, त्याला रोख. वाणी दुष्ट नव्हता. त्यालाही लक्ष्मीपुरीतल्या घाऊक व्यापाऱ्याची तारीख गाठायची असायची.

गरिबीवर लिहिणारी माणसं रकमेपाशी थांबतात. महिन्याला इतके रुपये, माणशी इतके, दिवसाला इतके. मी आयुष्यभर पतसंस्थेत कारकुनी केली, आकड्यांशी माझं वैर नाही. पण तुटपुंजा पैसा ठरलेल्या दिवशी आला तर त्यावर बाई घर चालवून दाखवते, आणि तोच पैसा लहरीनं आला तर त्यातला बराचसा घरात शिरायच्या आतच संपतो, हे मी दोन पिढ्या पाहिलं आहे. कोल्हापुरातल्या काटकसरीचा इतिहास मला म्हणून तारखांचा इतिहास वाटतो.

आमचा महिना तीन तुकड्यांत जेवायचा. दहाला पगार झाला की येणाऱ्या रविवारी मटण, अर्धा किलो. सहा माणसांत अर्धा किलो पुरवायचं म्हणजे रस्सा वाढवायचा, आणि रस्सा वाढवला तरी पाणचट लागू द्यायचा नाही. इथं कांदा-लसणीची चटणी कामाला यायची. ती उन्हाळ्यात वर्षाची एकदम व्हायची. तिखटपणाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी, सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, वाळवून तळलेला कांदा, सगळं भाजून कांडपाला. ही वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी, आणि तिच्यावर आईनं कधी काटकसर केली नाही. चटणी चांगली असली की वर्षभर बाकी सगळ्यात कमी पडलेलं झाकता येतं, हे तिचं गणित. वीस तारखेपर्यंत मटणाच्या जागी वजडी आलेली असायची, मग आमटी, मग नुसता झुणका. वीसच्या पुढं चकोल्या, हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या. चहातली साखर संपली की गुळाचा चहा, आणि गूळ तर या गावचाच. मला अजून माडगं आवडतं. माझ्या सुनेला ते 'हेल्दी' म्हणून आवडतं. आम्हाला ते महिनाअखेर म्हणून माहीत होतं.

पीठ करतानाही आई तारीख बघायची. डब्यातलं पीठ नुसत्या बोटांनी मोजून दहापर्यंत पुरेल का हे सांगायची, आणि नाही म्हणायची वेळ आली तर दुसऱ्या दिवशीपासून भाकरी थोडी लहान व्हायची. एकदम नाही, आम्हा पोरांच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं. दळणाला टाकण्याआधी त्यातली एक मूठ ती वेगळ्या गाडग्यात टाकायची. मुठीची चाल आपल्याकडे जुनी. कुंभोजला जन्मलेल्या, कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच चालीवर मुष्टिफंड उभा केला आणि घराघरातल्या मूठमूठ धान्यावर रयतेची वसतिगृहं जेवू घातली. आईच्या गाडग्यामागं एवढा मोठा विचार नव्हता. ते गाडगं कंट्रोलसाठी होतं, म्हणजे कंट्रोलचा माल लांबला तर.

कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. सरकारी कागदावर रास्त भाव दुकान, पेठेत आजही कंट्रोल. या दुकानाचा पूर्वज आमच्याच गावचा आहे, ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नाही, पुढं वाचनात आली. 1894 च्या एप्रिलात शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि दोन वर्षांत, 1896 साली, दुष्काळ पडला. दरबारानं स्वस्त धान्याची दुकानं उघडली, निराधारांसाठी आश्रम काढले, रोजगाराची कामं सुरू केली, शेतकऱ्यांना तगाई दिली. त्यापाठोपाठ प्लेग आला. मुंबईत रेशनिंग सुरू झालं 1943 च्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असताना. म्हणजे सरकारनं भाव बांधून धान्य विकायचं, ही कल्पना कोल्हापूरच्या बाजारानं मुंबईच्या सत्तेचाळीस वर्षं आधी पाहिलेली होती. अर्थात दुष्काळ ओसरला की अशी दुकानंही उठायची. घरटी कार्ड आणि कार्डावरचं युनिट हे सगळं नंतरचं.

कंट्रोलची माझी पहिली आठवण 1972 ची. दुष्काळ मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे. आमच्याकडे पंचगंगा होती, पण कंट्रोलवरचं धान्य सगळ्या महाराष्ट्राला सारखंच. मिलो आली. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि तोंडात घातली की फिरतच राहायची. आजीनं पहिला घास तोंडात धरून वडिलांकडं पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये जनावराचं हाय का मानसाचं?" वडील काही बोलले नाहीत. आईनं दुसऱ्या दिवशी मिलोत गव्हाचं पीठ मिसळलं, तिसऱ्या दिवशी उडदाचं, आणि शेवटी तिचं आंबील करून बघितलं. आंबील खपलं.

पण मिलोपेक्षा माझ्या लक्षात राहिली ती रांग. कंट्रोलचा माल महिन्यातून एकदा यायचा, आणि तो कोणत्या दिवशी येईल हे दुकानदारालाही माहीत नसायचं. ट्रक आला की गल्लीत हाक उठायची, "माल आलाऽ", आणि पोरंपोरी पिशव्या घेऊन पळत सुटायची. पिशवीवर वीट ठेवली की नंबर लागला. आधी साखर संपायची, मग पामतेल, मग गहू; रॉकेलची रांग वेगळी. पिशवी मी ठेवायची, पण पैसे घरात हवेत ना? माल सोळाला आला तर ठीक, पगारातले शिल्लक असायचे. सत्तावीसला आला तर आई शेजारच्या काकूंकडं जायची, काकू तिच्या जावेकडं. वाण्याकडं किराणा उधार मिळायचा, रोकड नाही. कंट्रोलवर उधारी नसायची. त्यामुळं सरकारनं स्वस्त केलेलं धान्य घ्यायला आमच्यासारखी घरं व्याजानं पैसे काढायची. रुपयाला आणा व्याज देऊन आणलेले गहू बाजारभावाच्या किती खाली राहतात, याचा हिशोब मी पतसंस्थेत लागल्यावर एकदा मांडून बघितला. फारसे नाही.

जळणाची गोष्ट थोडक्यात सांगते. वखारीतून भुसा आणून भुशाची शेगडी ठासायची, मधे बाटली उभी करून. एकदा पेटली की डाळ, भात, अंघोळीचं पाणी, सगळं त्याच आचेवर. पावसाळ्यात भुसा ओला, मग शेणी. शेणीवरून आठवलं म्हणून लिहिते: कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानात अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत, महापालिका ते मोफत करते, आणि लागणाऱ्या शेणींसाठी होळीच्या सुमारास तालमी, मंडळं, शाळा शेणीदान करतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की त्याला खरं वाटत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या मात्र हे फार समाधानानं सांगतात. एक खर्च तरी असा आहे की जो कुठल्या तारखेला आला तरी चालतो.

1981 साली वडील गेले, आणि त्यांच्याबरोबर दहा तारीख गेली.

पुढची काही वर्षं आईनं जे केलं त्याला काटकसर म्हणणं मला अपुरं वाटतं. तिनं दुसऱ्यांच्या तारखा गोळा केल्या. लक्ष्मीपुरीतून भुईमुगाच्या शेंगा फोडायला आणायच्या. पोतं घरी आणायचं, दाणे परत नेऊन वजन करून द्यायचे, मजुरी जागेवर हातात. टरफलं आपल्याला, ती शेगडीला. ही रोजची तारीख. राजारामपुरीतल्या एका घरी धुणीभांडी, त्यांचा पगार एक तारखेला. ही महिन्याची. माहेरी मामाचं दूध डेअरीला जायचं आणि तिकडं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. 1963 साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचं गोकुळ, सुरू झाल्यापासून या दहा दिवसांनी करवीर-राधानगरीतल्या बायकांचं आयुष्य जेवढं बदललं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं बदललं असेल. ऊस वर्षातून एकदा, त्याचे पैसे पुरुषाच्या हातात, दूध रोजचं आणि बिल दहा दिवसाला, बाईच्या डोळ्यांसमोर. मामी त्यातून आईला कधी पंचवीस, कधी पन्नास रुपये धाडायची. दिवाळीच्या आधी दूध फरकाची रक्कम आली की आमच्या फराळाचं तेल यायचं. ती मामी आता नाही; तिनं कधी परत मागितले नाहीत आणि आईनं कधी विसरल्याचं दाखवलं नाही. उसाचं बिल झालं की मामा एक पोतं ज्वारी टाकून जायचा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात कारखान्यानं ऊस गाळपाला घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर व्याजासकट द्यावेत, असं आहे. ते चौदा दिवस कितपत पाळले जातात हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. पण निदान भांडायला एक आकडा आहे.

आणि भिशी. भिशीशिवाय हा इतिहास लिहिणं म्हणजे लबाडी होईल. गल्लीतल्या बारा बायका, दर महिन्याला प्रत्येकीचे दहा रुपये, चिठ्ठी काढायची, जिचं नाव तिला एकशेवीस. एवढीच भिशी. लिलावी भिशी वेगळी, त्यात गरजू बाई जास्त कसर सोडून आधी उचलते. आमच्या गल्लीत ती चालू दिली नव्हती. चिठ्ठीच, पण त्यातही एक गोम होती. चिठ्ठी लागली तरी बायका आपसांत महिना बदलून घेत. एकीला मुलीच्या बाळंतपणाला श्रावणात हवी, दुसरीला मिरची घ्यायला चैत्रात. आईला कायम जून हवा असायचा, शाळेची वह्या-पुस्तकं, गणवेश. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी तिची चिठ्ठी निघाली फेब्रुवारीत. भिशी चालवणारी बाई कडक होती, बदल करायचा तर दोघींनी समोर येऊन सांगायचं. आई तिच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी फेब्रुवारीत उचलली तर खाऊन टाकीन बाई. जूनपतोर मला ती दिसू दिऊ नको." समोरच्या घरातल्या बाईचा जून होता, तिला फेब्रुवारीत नळाचं कनेक्शन घ्यायचं होतं. झालं काम. बँकेत याला मुदत ठेव म्हणतात आणि व्याज देतात. आईनं व्याज मागितलं नाही, तिला फक्त पैसा तिच्यापासून लांब आणि जूनच्या जवळ ठेवायचा होता.

कपडालत्त्याचं आमच्या घरी उलटं चालायचं. लोक जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडी घेत. आमच्याकडं जुने कपडे उरत नसत, फाटलेल्या लुगड्यांची वाकळ व्हायची, वाकळ फाटली की पायपुसणं. बाकी यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ते प्रत्येक घरात होत होतं.

आता निराधारचं. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 साली आली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी, अनाथ अशांना दरमहा काही रक्कम; पासष्टीनंतर श्रावणबाळ. वडील गेल्यावर दुसऱ्याच वर्षी कुणीतरी आईला ही योजना सांगितली. अर्ज मी भरला, माझ्या अक्षरात. पेठेतला तो माझा पहिला अर्ज, आणि मग गल्लीतल्या बायका येतच राहिल्या. नोकरीत असताना रविवारी, निवृत्त झाल्यावर रोज. पतीचा मृत्यूचा दाखला, वयाचा, रहिवासाचा, तलाठ्याची चौकशी, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत. मग समितीची बैठक. मग मंजुरी. मग वाट.

उत्पन्नाची अट बघा. वर्षाला 21,000 रुपयांच्या आत. कितीतरी वर्षं हाच आकडा. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. शेंगा फोडून, धुणीभांडी करून एखादी बाई खरंच तेवढ्यात राहत असेल तर ती जिवंत कशी, असा प्रश्न चौकशीला येणाऱ्याला पडायला हवा. पडत नाही, कारण त्यालाही माहीत असतं. दुसरी अट मुलाची. मुलगा पंचवीस वर्षांचा झाला, किंवा त्याआधी नोकरीला लागला, की विधवेचा लाभ थांबतो. तो मिळवतो का, मिळवून घरी देतो का, हे वाढदिवस बघत नाही. माझ्याकडं अर्ज भरायला येणाऱ्या एका बाईनं मला मुलाची जन्मतारीख सांगितली आणि लगेच विचारलं, "ताई, जरा अलीकडची घालता येती का?" मी नाही म्हटलं. तिनं वाद घातला नाही.

रक्कम 2019 पर्यंत 600 होती, मग 1000 झाली, 2023 ला 1500. वाढ थोडी नाही, हे मान्य करायला हवं. पण ती कितवीला येते? कधी चार तारखेला, कधी बावीसला, कधी दोन-तीन महिन्यांची एकदम. मधे हयातीचा दाखला राहिला की बंद. एक हजाराच्या काळात मी एका बाईचा हिशोब कागदावर मांडला होता. तीन महिने पैसे आले नाहीत. तिनं दर महिन्याच्या सुरुवातीला हजार रुपये शेकडा दहानं उचलले. पेठेत हाच दर चालतो. पहिल्या हजारावर तीन महिन्यांचे तीनशे, दुसऱ्यावर दोनशे, तिसऱ्यावर शंभर. तीन हजार एकदम खात्यावर आले, पण व्याज वजा जाता त्यातले चोवीसशेच तिच्या वाट्याला आले. सरकारी पुस्तकात मात्र तीन हजार पूर्ण पोचले, आणि तेही खोटं नाही. मिलमालकानं पगार लांबवला तर 1936 चा कायदा दाद मागू देत होता. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी, नाहीतर भरपाई. उसाला चौदा दिवस. निराधारच्या पैशाला उशिराची भरपाई असल्याचं मी भरलेल्या एकाही कागदावर वाचलेलं नाही, आणि कागद मी पुष्कळ भरले.

उशिराचा दुसरा दंड वाण्याच्या दुकानात बसतो. महिन्याचा पैसा एकरकमी हातात असेल तर पाच किलोचा तेलाचा डबा येतो. नसेल तर दहा रुपयांची पुडी. चहाची पुडी, शाम्पूची पुडी, मसाल्याची पुडी. मी एकदा एका पुडीतलं तेल मापून किलोच्या भावाशी ताडून पाहिलं. गरीब बाई श्रीमंतापेक्षा महाग तेल खाते, एवढं नक्की. पूर्वी वाणी सुटं तेल द्यायचा, पळीनं, त्याच भावानं. डाळ चिपट्यानं, निळव्यानं मोजून मिळायची, आणि भाव तोच, मण घेतला तरी आणि निळवं घेतलं तरी. थोडं घेणाऱ्याला दंड नव्हता.

कंट्रोलचं मात्र सुधारलं, हे लिहायला हवं. 1997 ला सरकारनं दारिद्र्यरेषेचा निकष लावला, 1999 ला पिवळं, केशरी, पांढरं असे कार्डाचे रंग आले आणि कोण कोणत्या रंगात बसलं यावरून गल्लीत वर्षभर अबोले झाले. 2000 सालच्या अखेरीस अंत्योदय, पुढं त्यात कार्डाला 35 किलो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो हक्काचे, गहू दोन रुपये, तांदूळ तीन. 2023 च्या जानेवारीपासून तेही फुकट. फुकट झाल्याचा खरा फायदा त्या थोड्या रुपयांचा नाही. माल कुठल्याही तारखेला येवो, त्यासाठी उसने काढावे लागत नाहीत. आईची ती सत्तावीस तारखेची धावपळ कायद्यानं संपवली. अंगठा लागला नाही की यंत्र नाही म्हणतं, शेंगा फोडून झिजलेल्या अंगठ्यांचं ते दुखणं आहेच. आणि सणाचा शिधा, शंभर रुपयांत रवा, डाळ, साखर, तेल, तो 2022 च्या दिवाळीत कितीतरी दुकानांत दिवे लागल्यावर पोचला. करंज्या तोवर उधारीच्या रव्याच्या झालेल्या.

2024 ला लाडकी बहीण योजना आली. निराधारचे पंधराशे घेणाऱ्या बाईला ती मिळत नाही, पण तिच्या सुनेला मिळते, त्यामुळं घरात नवे पंधराशे आले. पहिले दोन हप्ते एकदम, रक्षाबंधनाच्या तोंडावर, तीन हजार. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आगाऊ, निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत. त्या दिवसांत महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नव्हती. पैसा खरा होता, बायकांच्या खात्यावर होता, त्याबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही. पण सणाला आणि निवडणुकीला वेळेआधी येणारा पैसा बाकीच्या महिन्यांत आज येईल, उद्या येईल करत बसतो, आणि आमच्या पेठेतल्या भिशा त्यामुळं जुळेनात. भिशीला पाच तारीख म्हणजे पाच लागते.

कोल्हापूर भांडायला मागं सरत नाही. टोलवर भांडलं, 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावर भांडलं, कसबा बावड्यातून सुरुवात होऊन शहरभर लोकांनी मटण घेणंच थांबवलं आणि दर खाली आणायला लावले. मटणासाठी शहर एक होतं, कारण मटण सगळ्यांचं. निराधारच्या तारखेसाठी तहसीलवर जातात त्या साठीच्या बायका, गुडघे धरून, आणि दुपारची बस चुकायच्या आत परत येतात.

मिल 2003 ला बंद पडली. वाण्याचा मुलगा आता दुकान बघतो. लाल वही गेली, मोबाइलवर हिशोब आहे, पण नावाखाली टिपण्याची पद्धत त्यानं बापाची ठेवली आहे. गेल्या महिन्यात त्याच्याकडं सामान घेताना मी काउंटरवर उभ्या दोन बायका बघितल्या. एक उचगावची, डेअरीचं दूध कार्ड दाखवून पुढच्या बिलापर्यंत नऊशेचं सामान घेऊन गेली. दुसरी आमच्या गल्लीतली, निराधारची. तिच्यासमोर त्यानं तेलाची एक पुडी, चहाची एक पुडी ठेवली आणि हात पुढं केला.